अल्झायमर आणि ताण-हॉर्मोन

अल्झायमर रोगात शरीराच्या ताण-प्रतिसादात होणारा बिघाड. ताण येताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पोषग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना चेतवतो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताण-हॉर्मोन वाढते. निरोगी व्यक्तीत ते सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग या वाढीला आवर घालतो. अल्झायमरमध्ये हाच भाग लवकर झिजतो. त्यामुळे कॉर्टिसॉल सरासरीने अधिक राहते; डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉल उतरवणारे औषध दिल्यावरही ते अनेकदा पुरेसे उतरत नाही. वाढलेले कॉर्टिसॉल हिप्पोकॅम्पसच्या पेशींना आणखी अपाय करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. मात्र केवळ कॉर्टिसॉलच्या तपासणीवरून रोगनिदान होत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे; अल्झायमर हे त्याचे प्रमुख कारण. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. अशा ग्रामीण भागाचे उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुके; तेथे कातकरी, ठाकूर आदी आदिवासी वस्ती मोठी आहे. पावसाळ्यानंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. अशा वेळी ओळखीचे घर सुटणे किंवा मागे एकटे राहणे, दोन्ही स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला ताणाचे ठरते. दिवेलागणीला ‘घरी जायचंय’ म्हणत होणारी घालमेल हा हट्ट नसून आजाराचे लक्षण असू शकते. ठरलेली दिनचर्या, ओळखीची माणसे, दिवसाचा उजेड व शांत बोलणे यांनी अस्वस्थता कमी होण्यास मदत होते. विसरभोळेपणा ‘म्हातारचळ’ समजून सोडून न देता वेळीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.