पॅरिसमधील एक रात्र : कॅबरेच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

मुला-नातवंडांच्या निमित्ताने युरोपात जाण्याचा योग आता आपल्यांतील अनेक कुटुंबांना येतो. पॅरिसमध्ये दिवस आयफेल मनोरा आणि लूव्रचे संग्रहालय पाहण्यात जातो. रात्र मोकळी राहते. मग कॅबरे पाहावा काय, आणि पाहावा तर कोणता, हा प्रश्न उभा राहतो. तिकिटाचा दर आणि घरच्या मंडळींचा संकोच एवढ्या दोनच गोष्टी पाहून तो बहुधा निकालात काढला जातो. आमच्या मते या प्रश्नाचा निर्णय इतिहासाच्या आधारे करणे अधिक श्रेयस्कर आहे.

संकोचाचे मूळ शब्दातच आहे. ‘कॅबरे’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो हिंदी चित्रपटांच्या द्वारे, आणि त्यामुळे त्याचा अर्थ खलनायकाच्या अड्ड्यावरील एका नृत्यापुरता आकुंचित झाला. फ्रेंच भाषेत मात्र त्याचा मूळ अर्थ साधे मद्यगृह एवढाच. मद्यगृहाचे रंगगृह कसे झाले, ही कथा सरकारी फर्मानांपासून सुरू होते. नेपोलियनने 1807 साली पॅरिसमधील नाट्यगृहांची संख्या आठवर आणून ठेवली आणि कोणी कोणत्या प्रकारचे प्रयोग करावेत हेही ठरवून दिले. 1864 साली त्याचाच पुतण्या तिसरा नेपोलियन याच्या राजवटीत हे निर्बंध उठले आणि नवीन रंगगृहे उघडण्याची वाट मोकळी झाली.

त्यानंतर पाच वर्षांनी, 1869 मध्ये, पुढे फोली बेर्जेर या नावाने विख्यात झालेले रंगगृह उघडले. गाणी, कसरती, मूकनाट्य, नृत्य असा तेथे सर्वांचा मेळ असे. चित्रकार एदुआर माने याने 1882 साली पूर्ण केलेल्या चित्रामुळे तेथील मद्यविक्री करणारी एक तरुणी कलेच्या इतिहासात अमर झाली. 1926 साली याच रंगमंचावर जोसेफिन बेकर हिने केळ्यांच्या आकाराचे घागऱ्यासारखे वस्त्र नेसून केलेले नृत्य जगभर गाजले. वर्णभेदाने ग्रासलेल्या अमेरिकेतून आलेली ही कृष्णवर्णीय कलावती दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी करीत होती. 2021 साली फ्रान्सने पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात तिला मानाचे स्थान दिले. फोली बेर्जेरची वास्तू आजही आहे. परंतु तेथे आता प्रामुख्याने संगीतिका आणि गायनाचे कार्यक्रम होतात.

साहित्यिक कॅबरेचा जन्म मोंमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी झाला. रोदॉल्फ सालिस याने 1881 मध्ये ‘शा न्वार’, म्हणजे ‘काळे मांजर’, हे मद्यगृह उघडले. तेथे कवी आपल्या रचना म्हणत, सत्ताधाऱ्यांची टवाळी चाले, एरिक साती पियानो वाजवी आणि आंरी रिव्हिएर याच्या छायानाट्यांना सारे पॅरिस लोटे. सालिसच्या मृत्यूबरोबर 1897 साली हे पर्व संपले. मात्र त्याच टेकडीवरील ‘लापँ आजील’ हे छोटे घर अद्याप टिकून आहे. पिकासो तेथे जात असे, आणि 1905 साली त्याने त्याच घरावर एक चित्रही काढले. आजही तेथे लाकडी बाकांवर दाटीने बसून जुनी फ्रेंच गाणी ऐकावयाची असतात. झगमगाट नाही आणि भोजनही नाही.

आता सर्वांच्या परिचयाचे मूलाँ रूज. आयफेल मनोरा उभा राहिला त्याच 1889 साली, 6 ऑक्टोबर रोजी, जोझेफ ओलेर आणि शार्ल झिदलेर यांनी ते सुरू केले. तेथे गाजलेला कँकँ हा नाच त्यांनी निर्माण केला नव्हता. तो त्याआधी सुमारे साठ वर्षे श्रमिकांच्या नृत्यगृहांत नाचला जात होता. मूलाँ रूजने त्याला व्यावसायिक नर्तकी दिल्या. ‘ला गुल्यू’ या नावाने गाजलेली लुईझ वेबेर ही त्यांतील अग्रणी. तुलूझ-लोत्रेकच्या 1891 च्या भित्तिपत्रकाने तिची छबी शहरभर लागली. ती भित्तिपत्रके आज संग्रहालयांत जपली जातात. ती स्वतः 1929 साली दारिद्र्यात वारली. तमाशा कलावंतिणींच्या उतारवयाच्या हकिकती ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास आणखी दोन नावे पुढे आली. 1946 साली क्लेरिको बंधूंनी शाँझेलिझेवर ‘लिदो’चे रूपांतर भोजन आणि भव्य नृत्यप्रयोग यांची सांगड घालणाऱ्या रंगगृहात केले. 1951 साली आलँ बेर्नार्दँ याने ‘क्रेझी हॉर्स’ काढले. तेथे विवस्त्र देहावर पाडलेला प्रकाशच वस्त्राचे काम करतो. नग्नतेचा अंश मूलाँ रूजमध्येही आहे. परंतु क्रेझी हॉर्सचा तो गाभाच आहे, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

लिदोची अखेर विचार करावयास लावणारी आहे. 2022 साली तेथील नृत्यप्रयोग कायमचे बंद झाले, बहुतेक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले आणि वास्तू संगीतिकांकडे वळली. नाव आणि वास्तू उरली. नर्तकी, वेशभूषाकार आणि शिंपी यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातोहात पुढे नेलेले कसब तेथून उठले. दगडविटांचे जतन शासन करू शकते. प्रयोगकलेचे जतन तिकीट काढून येणारा प्रेक्षकच करतो.

आमच्या मते निवडीची कसोटी हीच असावी. एखाद्या जागेचा इतिहास केवळ पाटीवर उरला आहे, की तेथे तो रोज रात्री उभा राहतो? फोली बेर्जेर आणि लिदो या कसोटीवर मागे पडतात. कँकँची परंपरा पाहावयाची असेल त्याने मूलाँ रूजला जावे. 1999 साली रंगमंचावर आलेल्या ‘फेरी’ या प्रयोगातही ते नृत्य अंगमेहनतीने सादर होते. 2024 च्या एप्रिलमध्ये छपरावरील लाल पवनचक्कीची पाती कोसळली, तेव्हा अवघ्या अडीच महिन्यांत ती पुन्हा बसविली गेली. या आस्थेमागे पर्यटनाचे अर्थकारण आहे खरे, पण त्यामुळे ती आस्था खोटी ठरत नाही.

आम्हांस मात्र एकच रात्र मिळाली, तर आम्ही लापँ आजीलची पायवाट धरू. शब्द कळणार नाहीत, हे मान्य. परंतु मूळ गावापासून दूर राहून आपल्या गाण्यांच्या बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालविणाऱ्या आपल्यासारख्या घराण्यांना, लहानशा खोलीत जुनी गाणी जिवंत ठेवणारी माणसे ओळखू येण्यास भाषेची फारशी अडचण पडू नये.