जगात जर्मनी, भारतात परभणी

दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक आला, की भारतातला माणूस महिनाभरासाठी कुठल्या तरी परदेशाला दत्तक जातो. आपला देश तिथं नसतो, मग करता काय? १९५० साली ब्राझीलला जायची संधी दाराशी चालून आली होती. आपण गेलो नाही. आपली पोरं अनवाणी खेळत आणि बूट घाला म्हटल्यावर रुसून घरी बसली, ही गोष्ट सांगायला बरी आहे. पण प्रवास लांबचा आणि ऑलिंपिकपुढं विश्वचषक म्हणजे किरकोळ जत्रा, असं तेव्हाच्या कारभाऱ्यांचं मत, ही कारणं जास्त खरी. तेव्हापासून केरळात ब्राझील आणि अर्जेंटिना असे तट पडतात, कलकत्त्यातही तेच, आणि गोव्यातल्या काही घरांत पोर्तुगालसाठी जीव वरखाली होतो.

आम्हा परभणीकरांचा प्रश्न मात्र एका म्हणीनंच सोडवून ठेवला आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी!' या म्हणीचा अर्थ कुणी विचारायचा नसतो; ती छाती काढून म्हणायची असते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी दुसरी एक म्हण आहे. तिचा अर्थ सगळ्यांना लगेच कळतो, म्हणून आम्ही पहिलीच म्हणतो. तेव्हा सेलूच्या माणसानं फुटबॉलमध्ये जर्मनीच्या बाजूनं असावं, हे ओघानंच आलं. (सेलू म्हणजे परभणी जिल्ह्यातलं. वर्ध्याकडेही एक सेलू आहे. आमच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याआधी लोक आमच्या पत्त्याबद्दलच घेतात.)

२०१४ साली जर्मनी विश्वचषक जिंकली, तेव्हा आमच्या घरात रात्री-बेरात्री टीव्ही चालू असे. आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळं घर नाना म्हणतं, तेव्हा ऐंशीच्या पुढं होते. पण पोरं जागी आहेत म्हटल्यावर तेही घोंगडी पांघरून येऊन बसत. माझा पुतण्या त्यांना एकेक गडी समजावून सांगायचा.

"आजोबा, हा क्लोजे. विश्वचषकात सगळ्यांत जास्त गोल याचे, सोळा. जन्म पोलंडचा."

"बरं."

"हा पोडोल्स्की. हाही पोलंडचाच. हा ओझील, याचं घराणं तुर्कस्तानचं. हा खेदिरा, बाप ट्युनिशियाचा. हा बोआटेंग, बाप घानाचा. याचा सावत्र भाऊ तिकडं घानाकडून खेळतो."

नाना बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग ह्यात जर्मन कोण आहे बाबा?"

"सगळेच जर्मन आहेत, आजोबा."

"असं होय! म्हणजे आपल्यासारखंच की."

पोरं हसली. मला मात्र नानांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. कारण नाना आयुष्यात सेलू सोडून कुठं राहायला गेले नाहीत आणि तरी त्यांनी जेवढी राज्यं पालटली तेवढी पोडोल्स्कीनंही पालटली नसतील. ते जन्मले निजामाच्या राज्यात. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. खिशात निजामाचा हाली सिक्का. १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन संपली आणि नाना भारतीय झाले. पुढं आठ वर्षं हैदराबाद राज्यात काढली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादमधून काढून द्विभाषिक मुंबई राज्याला जोडले, तेव्हा ते मुंबई राज्याचे झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. या सगळ्या काळात घराचा उंबरठा तोच, आडाचं पाणी तेच, आणि शेतातली ज्वारीही तीच. लोक घर सोडून परदेशी जातात. आमच्याकडं घर जागेवर राहिलं आणि देशच घरावरून निघून गेले.

रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर फक्त तोंड फिरलं. १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन टाकली गेली आणि सेलूला स्टेशन आलं. एक गाडी काचीगुड्याकडं, एक मनमाडकडं. पूर्वी कॉलेज, हायकोर्ट, मोठा डॉक्टर म्हटलं की माणूस काचीगुड्याच्या गाडीत बसे. १९५६ नंतर तोच माणूस, तीच वळकटी घेऊन, समोरच्या दिशेच्या गाडीची वाट बघू लागला. सामान हलवायला फारसा वेळ लागला नाही. मन हलवायला मात्र लागला.

आता निजामाच्या पोलिसांबद्दल नानांचं मत छापण्याजोगं नाही. रझाकारांचे दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण हैदराबाद पोलीस हा फुटबॉलचा संघ म्हटलं, की हेच नाना सावरून बसत. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं या संघानं मुंबईत येऊन रोव्हर्स कप उचलून नेला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, मूळचे मास्तर. पोरांना छडीऐवजी पास शिकवणारे मास्तर नानांनी जन्मात दुसरे पाहिले नव्हते. "राज्य निजामाचं वाईट," नाना म्हणत, "पण पास रहीमसाहेबांचा." या दोन वाक्यांत विरोध आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

गंमत तारखांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ नं हरवलं. प्रशिक्षक रहीमसाहेब, संघात बलराम, नूर महंमद, अझीझुद्दीन अशी हैदराबादी मंडळी, आणि तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. म्हणजे जुन्या राज्याचा गुरू आणि नव्या राज्याचा गोल! नाना इतके खूश झाले, की राज्य पुनर्रचना आयोगालाही एवढी चांगली जोडणी जमली नाही, असं ते म्हणत. पुढं उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियानं आणि ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियानं आपल्याला हरवलं आणि भारत चौथा आला. १९६२ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये रहीमसाहेबांनी सोनं आणलं, दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून. दुखणं अंगात असतानाच ते तिथं उभे होते. १९६३ साली कॅन्सरनं गेले.

सांगायचा मुद्दा असा, की आपला संघ कुठला हे सरकारी राजपत्रात छापून येत नाही. मी पुण्यात शिकायला गेलो, तेव्हा आमच्या घरमालकांनी भाड्याआधी हाच विषय काढला.

"तुम्ही मराठवाड्यातले. म्हणजे निजामाकडचे, नाही का?"

"होतो. आता आपल्याकडचेच."

"मग रणजी करंडकात तुम्ही हैदराबादचे की महाराष्ट्राचे?"

हैदराबादनं १९३७-३८ साली नवानगरला एका विकेटनं हरवून रणजी करंडक जिंकला होता, आणि ती कथा मी नानांच्या तोंडून रामायणाइतकी ऐकलेली. पण खोली हवाशीर होती. मी "महाराष्ट्र" म्हणालो. खोली मिळाली. आजही महाराष्ट्र राज्यातून रणजीला मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. त्यामुळं एका राज्याच्या माणसानं एकाच संघाचं असावं, हा नियम खुद्द महाराष्ट्रालाच मान्य नाही.

असले प्रश्न विचारणारांना पुढं विलायतेत एक मोठा पुढारीही मिळाला. १९९० साली नॉर्मन टेबिट नावाच्या ब्रिटिश खासदारानं म्हटलं, की इंग्लंडमध्ये राहणारे आशियाई लोक क्रिकेटच्या सामन्यात कुणाच्या नावानं टाळ्या वाजवतात ते बघा, म्हणजे ते खरे कुठले हे कळेल. हिला 'टेबिटची कसोटी' म्हणतात. पाच दिवसांच्या कसोटीपेक्षा ही लांबली. अजून चालू आहे.

ती आमच्या गावातही चालते. रेल्वेबरोबर कापसाच्या व्यापाराला मारवाडी मंडळी आमच्या मुलखात आली. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची पोरं माझ्यापेक्षा अस्सल मराठवाडी बोलतात. "कामून" आणि "लई" त्यांच्याच तोंडी शोभतात. त्यातल्या कुणाला, रणजीत राजस्थान जिंकलं तर तू पेढे वाटशील का, असं कुणी विचारत नाही. पण भारत-पाकिस्तान सामना असला, की मोहल्ल्यातल्या ज्या माणसाचं घर आमच्याही आधीपासून सेलूत आहे, जो नानांच्या शेजारच्या बाकावर बसून तीच उर्दू शिकला, त्याच्या दुकानासमोरून जाताना लोक उगाच आवाज चढवतात. तो टाळी वाजवतो की नाही, हे बघायला चार डोळे असतात. माणूस हातानं फाटक्या नोटा मोजतोय, टाळी कशी वाजवणार, एवढाही विचार कुणी करत नाही. स्थलांतर केलेल्याला निष्ठेची परीक्षा माफ, आणि जागचा न हललेला दरवर्षी परीक्षेला!

आणि खरोखर हललेल्यांचं काय? आसिफ इक्बाल हैदराबादचा. हैदराबादकडून रणजी खेळला. १९६१ साली पाकिस्तानात गेला. त्याचे मामा गुलाम अहमद भारताचे कर्णधार होऊन गेलेले. १९७९-८० साली हाच भाचा पाकिस्तानचा कर्णधार होऊन भारतात खेळायला आला. मामाच्या गावाला जाऊ या, असं मुलं म्हणतात ते निराळं. इथं मामाच्या देशाशी सहा कसोटी खेळायच्या होत्या. मालिका भारतानं २-० नं जिंकली. घरात काय बोलणं झालं असेल ते असो. पण एका घरातून दोन देशांचे कर्णधार निघू शकतात, हे आमच्या जुन्या राज्यानं टेबिटसाहेबांच्या आधीच सिद्ध करून ठेवलं होतं.

परीक्षा घेणाराला निकाल आवडतोच असंही नाही. ६ ऑक्टोबर २००१ ला पॅरिसला फ्रान्स-अल्जीरिया सामना झाला. अल्जीरियन घराण्यातल्या फ्रेंच पोरांनी फ्रान्सच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या, आणि फ्रान्स ४-१ नं पुढं असताना मैदानात घुसून सामनाच बंद पाडला. फ्रान्सकडून झिदान खेळत होता, ज्याचे आईबाप अल्जीरियाचे. आमच्या जर्मनीतही हेच. २०१८ साली जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली आणि सगळं खापर ओझीलच्या डोक्यावर फुटलं. जन्म गेल्सेनकिर्शेनचा, विश्वचषक जिंकून दिलेला. पण तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर फोटो काढलेला. त्यानं संघ सोडला आणि सांगितलं ते असं, की जिंकलो की मी जर्मन, हरलो की बाहेरून आलेला. मराठीत याला सासुरवास म्हणतात. पोळी फुगली तर पीठ चांगलं, करपली तर सूनबाई माहेराहून तशीच आलेली.

आता आपल्या माणसाची गोष्ट. १२ जून २०२४, न्यूयॉर्क. भारत विरुद्ध अमेरिका. अमेरिकेकडून गोलंदाजीला सौरभ नेत्रावळकर, जन्म मुंबईचा, भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून रणजीही खेळलेला आणि मग शिकायला म्हणून अमेरिकेत जाऊन कॉम्प्युटरच्या नोकरीत रमलेला. त्यानं विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर काढलं आणि पाठोपाठ रोहित शर्माला तीनवर. भारताच्या डावाची अशी सुरुवात झाल्यावर खरं तर आम्ही चिडायला हवं होतं. पण सेलूतल्या घराघरांत काय म्हणत होते लोक? "बघा, आपल्या मराठी पोरानं काढलं!" मिठाई वाटायची तेवढी राहिली. पुढं भारत सात विकेटनी जिंकला, तेव्हा ती कसरही भरून निघाली. नेत्रावळकर गद्दार आहे, त्यानं चेंडू जरा बाहेर टाकायला हवा होता, असं माझ्या तरी कानावर आलं नाही.

मला ही प्रतिक्रिया फार आवडली. माणूस एका देशाचं मीठ खातो, दुसऱ्याची भाषा बोलतो आणि दोन्ही ठिकाणी त्याला आपलं म्हणणारे असतात, हे आम्हाला चांगलं कळतं असं तिनं सिद्ध झालं. फक्त ते अमेरिकेत गेलेल्या पुतण्याच्या बाबतीत जितकं कळतं, तितकंच दुकानात बसलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीतही कळायला हवं. माप एकच ठेवावं. सेलूची बाजारपेठ जुनी आहे. घ्यायचा शेर वेगळा आणि द्यायचा शेर वेगळा ठेवणाऱ्या अडत्याला काय म्हणतात, ते इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यावर मला सुचलेला उपाय शिंप्याकडं आहे. ११ जून २०१६ ला युरोपच्या स्पर्धेत स्वित्झर्लंड आणि अल्बानिया समोरासमोर आले. एकीकडून ग्रानिट झाका, दुसरीकडून त्याचा सख्खा भाऊ ताउलांत. घराणं कोसोव्होचं अल्बानियन. बाप युगोस्लाव्हियाच्या तुरुंगात राजकीय कैदी म्हणून राहिलेला. आई प्रेक्षकांत बसली होती, अंगात शर्ट अर्धा स्वित्झर्लंडचा, अर्धा अल्बानियाचा, मधोमध शिवलेला. स्वित्झर्लंड १-० नं जिंकलं. बाईचा एक मुलगा जिंकला, एक हरला आणि शर्ट उसवला नाही.

आमच्याकडं आता दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, आणि ते आटोपून आलेली मंडळी चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं खातात. निजामाच्या राज्यातून सुटल्याचा आनंद, निजामाच्या नावाच्या बिस्किटानं. आजवर कुणाला अपचन झाल्याचं ऐकिवात नाही.