तळटीप : ‘देखरेख शुल्क’

परिवीक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर मिळालेली मोकळीक. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्याच्याकडूनच तिचे पैसे दरमहा घेतात. दंड आणि कोर्टखर्च वेगळा. आपल्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात भरपाई व कोर्टखर्च आहे, अशी मासिक फी नाही. म्हणून हा शब्द इथे उलगडावा लागतो.

लेखक ज्याकडे बोट दाखवतात, तो ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ हा १९८३ चा निकाल. आरोपीला ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई लावली होती. आईवडिलांकडून उसने घेतलेले २०० डॉलर त्याने पहिल्या दोन दिवसांत भरले. मग नोकरी गेली. शिक्षण नववीपर्यंत, वाचता येत नाही. वणवण करूनही काम मिळेना. ५५० डॉलर थकले आणि तो गजाआड गेला. ऐपत आणि प्रयत्न तपासल्याशिवाय असे करता येणार नाही, असे न्या. सँड्रा डे ओ’कॉनर यांनी लिहिले. पण पुरेसा प्रयत्न कशाला म्हणायचे, हे खालच्या न्यायाधीशांवरच राहिले, आणि माझ्या मते गरिबाचा घात तिथेच होतो.

त्याच जॉर्जियात वाहतुकीचा किरकोळ दंड एकरकमी न भरू शकणाऱ्यालाही परिवीक्षेवर ठेवत. खासगी कंपन्या हप्त्यांबरोबर आपली फी वसूल करीत. ज्याच्याकडे रोकड होती, तो त्याच दिवशी सुटे. २०१५ च्या कायद्याने अशा प्रकरणांतली फी तीन महिन्यांपुरती मर्यादित केली.
—संपा.