हेदोंग योंगगुंगसा

हेदोंग योंगगुंगसा : दक्षिण कोरियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील बौद्ध मंदिर. बूसान महानगरात (लोकसंख्या सु. ३३ लक्ष, २०२०) हेउंदे पुळणीच्या ईशान्येस, गीजांग परगण्यातील सिरांग-री येथे ते आहे. हा परगणा १९९५ मध्ये बूसानला जोडण्यात आला. कोरियातील बहुतेक जुने मठ डोंगरांत आहेत. हे मंदिर मात्र समुद्रातील खडकांवरच उभे असून, यातच त्याचे खरे वेगळेपण आहे.

परंपरेनुसार गोर्यो राजवटीत १३७६ साली नाओंग ह्येगून (१३२०–७६) या भिक्षूंनी त्याची स्थापना केली. पावसाअभावी देश होरपळत असताना पूर्व समुद्राच्या ड्रॅगनराजाने त्यांना स्वप्नात ही जागा दाखविली, अशी कथा आहे. नाओंग हे गोंगमिन राजाचे राजगुरू. चीनमधील युआन राजवटीच्या राजधानीत मगधाहून आलेल्या ध्यानभद्रांकडे (कोरियन नाव जीगोंग) त्यांनी अध्ययन केले होते. भारत व कोरिया यांच्यातील हा दुवा अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. १३७६ मध्येच हद्दपारीच्या वाटेवर सिल्लुकसा मठात नाओंग यांचे देहावसान झाले. त्यामुळे स्थापनेचे साल परंपरेचे म्हणूनच स्वीकारणे योग्य. मंदिराचे मूळ नाव बोमुनसा. १५९२–९८ च्या जपानी आक्रमणात ते नष्ट झाले. १९३० नंतरच्या दशकात तोंगदोसा मठाचे भिक्षू उंगांग यांनी ते पुन्हा उभारले. १९७४ मध्ये मठाधिपती जोंगाम यांना शंभर दिवसांच्या प्रार्थनेअखेर ड्रॅगनवर आरूढ शुभ्रवसना बोधिसत्त्व ग्वानउम दिसल्याचे सांगतात. तेव्हापासून सध्याचे नाव रूढ झाले. आजच्या वास्तू विसाव्या शतकातील आहेत.

प्रवेशमार्गावर बारा राशिप्राण्यांच्या मूर्ती आहेत. पुढे १०८ पायऱ्या उतरून, खडकांमधील पूल ओलांडून मुख्य सभागृहाकडे जाता येते. तेथील तीन मजली दगडी स्तूपाला चार सिंहांचा आधार आहे. त्यात श्रीलंकेहून आणलेले अवशेष ठेवले आहेत. सर्वांत वर सु. १० मी. उंचीची ग्वानउमची मूर्ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे. ग्वानउम म्हणजे अवलोकितेश्वर. कान्हेरी व औरंगाबादच्या लेण्यांत जहाजबुडीसह इतर संकटांतून भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे; ती शिल्पे पाहिलेल्या मराठी वाचकाला या मूर्तीचे समुद्राशी असलेले नाते सहज उमगेल. नाकसानसा, सोंगमो बेटावरील बोमुनसा व नामहे येथील बोरिआम ही ग्वानउमची समुद्रकाठची तीन प्रमुख क्षेत्रे मानतात. काही याद्यांत या मंदिराचाही समावेश असतो.

नववर्षाचा सूर्योदय पाहण्यासाठी आणि चांद्र पंचांगातील चौथ्या महिन्याच्या अष्टमीस, बुद्धजयंतीला, मोठी गर्दी होते. बुद्धजयंतीच्या दिवसांत सारे आवार रंगीत कागदी कंदिलांनी भरते. पहाटे लवकर गेल्यास दर्शन निवांत होते. प्रवेशशुल्क नाही.

गीजांगचे मियोक हे खाद्य समुद्रशेवाळ व देब्योन बंदरातील मांदेळीच्या कुळातील छोटे मासे प्रसिद्ध आहेत. हेउंदेहून मंदिराकडे बसगाड्या जातात; जवळचे रेल्वेस्थानक ओसिरिया (२०१६).