कृष्णाकाठची सपाट वाट

महाराष्ट्राचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी आपोआप वर जाते. रायगड, प्रतापगड, पन्हाळा, अजिंक्यतारा ही नावे उच्चारताना मानही किंचित उंचावते. शाळांच्या सहली गडांवर निघतात, चित्रकार गडांची चित्रे काढतात, आणि आम्ही इतिहासाचे अध्यापकही एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडी घेत शतके ओलांडतो. या गडांच्या पायथ्याशी जी काळी, सपाट, नदीने पोसलेली भूमी पसरली आहे, तिच्याकडे पाहण्यास आम्हांस सवड झालेली नाही.

हे मी दुसऱ्यांस उद्देशून म्हणत नाही. 28 वर्षे मी महाविद्यालयात मराठ्यांचा इतिहास शिकविला. दरवर्षी 1817 सालचे प्रकरण येई आणि दरवर्षी मी माहुलीचे नाव घेई. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "सर, माहुलीचा घाट कसा आहे हो?" आणि माझ्या ध्यानात आले की तो मी पाहिलेलाच नाही. साताऱ्याहून माहुली जेमतेम दीड कोस!

त्या प्रश्नाची टोचणी मनातून जाईना, म्हणून हिवाळ्याच्या सुटीत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत नदीच्या सोबतीने सायकलवरून जाण्याचे मी ठरविले. मोटारीने हे अंतर दोन-अडीच तासांत सरते, पण त्यात नदी दिसते ती केवळ पुलावर, तीही कठड्याआडून. मंडळींनी माझ्या गुडघ्यांचा सविस्तर इतिहास मजपुढे मांडला. तो साधार होता, तरी मी मानला नाही. माझा एक जुना विद्यार्थी हवा भरण्याचा पंप व दोन पाने घेऊन सोबतीस आला, आणि आम्ही निघालो.

माहुलीस वेण्णा कृष्णेला मिळते. एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्यावर क्षेत्र माहुली. दगडी घाट, विश्वेश्वराचे देवालय, आणि पात्राशी अगदी सलगी करून असलेल्या समाध्या. थोरले शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यास निवर्तले. ज्या छत्रपतीच्या नावाने मराठी फौजा हिंदुस्थानभर फिरल्या, त्याचे स्मारक येथे एवढेसे आहे की अनोळखी माणूस त्याच्या बाजूने चालत जाईल. महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचेही स्मारक येथेच आहे. रामशास्त्री प्रभुणे याच क्षेत्रीचे.

आणि येथेच ऑगस्ट 1817 मध्ये दुसरा बाजीराव व सर जॉन माल्कम यांची भेट झाली. पेंढाऱ्यांच्या पारिपत्यास साहाय्य म्हणून सैन्य जमवावे, असे माल्कमने सुचविले. बाजीरावाने सैन्य जमविले, आणि 5 नोव्हेंबर रोजी तेच खडकीस इंग्रजांवर चालून गेले. पुढील वर्षी पेशवाई संपली. हे सर्व मी वर्गात शेकडो वेळा सांगितले आहे. पण घाटाच्या पायरीवर बसल्यावर प्रथमच मनात आले की राज्याचा शेवट ज्या संभाषणापासून सुरू झाला, ते कोणत्याही बुरुजावर झाले नाही. ते पाण्याच्या काठी झाले.

माहुलीपासून रहिमतपूर, मसूर असे करीत कऱ्हाड गाठीपर्यंत दोन्ही बाजूंस ऊस होता. सायकलवरच्या माणसास उंचसखलपणा मांड्यांतून कळतो. येथे दिवसभरात मांड्यांनी क्वचितच तक्रार केली. कऱ्हाडास कोयना कृष्णेस समोरासमोर येऊन भिडते. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर जन्मलेल्या या दोघी निराळ्या वाटांनी हिंडून येथे भेटतात. म्हणून हा प्रीतिसंगम. गाव किती जुने? मध्यप्रदेशातील भरहूतच्या स्तूपास दान देणाऱ्यांत 'करहकट' नगराचे नाव कोरलेले आहे, आणि तो स्तूप इसवी सनापूर्वीचा आहे. जवळच्या आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. गड बांधले जाण्याच्या पूर्वी कित्येक शतके या सपाटीवरचे लोक इतक्या दूर दान धाडण्याइतके संपन्न होते. ही संपन्नता काळ्या मातीची. पुढे गडावरच्या शिबंदीस जो दाणा लागे, तोही कड्यावर पिकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेणोली मागे टाकून ताकारीच्या अलीकडे आलो, तो माझे मागले चाक बसले. सोबतच्या पान्यांचा उपयोग होईना. रस्त्यालगत पत्र्याच्या आडोशाला एक दुकान होते. दुकानदाराने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडविली, बुडबुडा शोधला आणि आम्ही कुठून आलो हे विचारले. मी त्यास गावात पूर कोठवर आला होता असे पुसले. त्याने मान वर न करता उलट विचारले, "पाचचा, की एकोणीसचा?" 2005 आणि 2019. आम्ही राजवटींवरून काळ मोजतो. कृष्णाकाठ तो पाण्यावरून मोजतो.

त्या दुकानात बसलो असता मला किर्लोस्करांचे स्मरण झाले, आणि ते केवळ योगायोगाने नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावास जे दुकान थाटले, ते सायकलींचेच होते. पुढे लोखंडी नांगर निघाला. बेळगावची जागा सोडावी लागली. आणि 1910 साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील निवडुंगाचे माळरान त्यांस दिले. आमच्या पंक्चरच्या जागेपासून ती किर्लोस्करवाडी थोड्याच अंतरावर होती. तलवारीचे राज्य गेल्यावर या भूमीने नांगर घडविला, हे म्हणणे शोभिवंत वाटेल. पण येथे ते अक्षरशः घडले.

वाडीला लागूनच कुंडल. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार या टापूत नांदले. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी आगगाडी तुफान सेनेने अडविली, ती याच लोहमार्गावर. गावोगावी न्यायमंडळे बसली, थोडक्या खर्चाची लग्ने लागली. या राज्यास गड नव्हता, तट नव्हता. उभा ऊस आणि जोंधळा हाच त्याचा तट, आणि भाकरी देऊन तोंड मिटून बसणारी गावे हीच त्याची शिबंदी.

तिसऱ्या दिवशी भिलवडीवरून सांगलीस पोहोचलो. येथे पुन्हा ती तिथी भेटली. 5 नोव्हेंबर 1843 रोजी, खडकीच्या लढाईस बरोबर 26 वर्षे झाली त्या दिवशी, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून, तसे काही मराठीत व्हावे असे चिंतामणराव पटवर्धनांस वाटले, आणि त्यांच्या आश्रयाने हे घडले. तिथीचा मेळ योगायोगाचा आहे, त्यावर मी सिद्धान्त उभारीत नाही. परंतु राज्य हरवलेल्या समाजाने पुढे काय केले, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर गडांवर सापडणार नाही. नाटक, नांगर, न्यायमंडळ ही तिन्ही उत्तरे नदीकाठच्या सपाटीवर आहेत.

सांगलीजवळ हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते. गोविंद बल्लाळ देवलांचे हे गाव. येथील घट्ट मातीत हळदीची पेवे खणीत. त्यांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राही. 2005 च्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि त्यांतील पुष्कळशी निकामी झाली. मातीने जे राखले होते, ते पाण्याने नेले.

हे वाक्य मला लिहिता येते, कारण माझे आजोळ सांगलीचे. माझ्या पणजोबांची हळदीची अडत होती. त्यांच्या मोडी वह्यांची एक पेटी मामांच्या घरी होती. "तू इतिहासवाला, तूच वाच," असे मामा दरवर्षी म्हणत, आणि मेच्या सुटीत बसतो, असे मी दरवर्षी म्हणे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले. पेटी खालच्या खोलीत होती.

या खेपेस सायकल ओट्यास टेकवून मी आत गेलो. मामांनी आता नव्वदी गाठली आहे. त्यांनी वर्तमानपत्रांच्या घड्यांतून सुकवून ठेवलेली काही पाने माझ्या हाती दिली. "अरे, ती पेटी तुझीच वाट पाहत होती," एवढेच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

गड थांबतात. तीनशे वर्षे थांबले, आणखीही थांबतील. नदीकाठ थांबत नाही. त्याचा इतिहास दगडावर थोडा आणि कागदावर, मातीत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी फार आहे, आणि दर काही वर्षांनी नदी त्याचा हिशेब मागावयास येते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी एखादी पेटी असेल, त्यांनी ती आजच खालून माळ्यावर न्यावी, आणि शक्य तर नेण्यापूर्वी उघडावी.

मजजवळ आलेली पाने अठरा आहेत. शाई पुष्कळ ठिकाणी फुटली आहे. रोज सकाळी एक, याप्रमाणे ती मी वाचीत आहे.