मेजिरो आणि हिंगणें : दोन महिला विद्यापीठांचे हेतु

एखाद्या विद्यापीठाचा हेतु काय, हें त्याच्या संस्थापकांच्या भाषणांवरून जितकें कळतें, त्याहून अधिक त्यांनीं प्रथम कोणत्या शाखा काढल्या यावरून कळतें. भाषणांत सर्वच विद्यांना स्थान असतें. पण हातीं द्रव्य थोडें आणि विद्यार्थी मोजके असले म्हणजे निवड करावी लागते, आणि निवड केली कीं मनांतला हेतु उघड होतो. या दृष्टीनें मोठ्या विद्यापीठांपेक्षां लहान विद्यापीठांचा इतिहास अधिक बोधप्रद असतो. आपल्या महिला विद्यापीठाची जन्मकथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु तिचा एक धागा टोकियोपर्यंत जातो, व तो हातीं धरल्यावांचून त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा अर्थ नीट उलगडत नाहीं.

नारुसे जिन्झो आणि धोंडो केशव कर्वे हे दोघेही १८५८ सालीं जन्मले. १८९६ मध्यें कर्व्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. त्याच वर्षीं नारुसे यांचा स्त्रीशिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नारुसे हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. कांहीं वर्षें अमेरिकेंत राहून शिकून आलेले. १९०१ च्या एप्रिलांत टोकियोच्या मेजिरो भागांत त्यांनीं जपानी महिला विद्यापीठ उघडलें. स्त्रीला प्रथम मनुष्य म्हणून, मग स्त्री म्हणून व त्यानंतर राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावयाचें, असा त्यांनीं आपल्या ध्येयाचा क्रम लाविला होता. हा क्रम धाडसाचा होता. कारण तत्कालीन सरकारी धोरण ‘सुशील पत्नी, सुज्ञ माता’ या सूत्रांत सांठविलेलें होतें. तथापि शाखा निघाल्या त्या तीनच : गृहशास्त्र, जपानी वाङ्मय आणि इंग्रजी वाङ्मय. ध्येयांत मनुष्यपणास अग्रस्थान, आणि शाखांत मात्र गृहास, अशी ही विसंगति दिसते. लोकांनीं आपल्या मुली पाठवाव्या एवढ्यासाठीं हें करावें लागलें, कीं नारुसे यांस स्वतःसही तेंच योग्य वाटत होतें, हा प्रश्न येथें सोडून देऊं. परिणाम काय झाला तें पुढें पाहूं.

या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काशीच्या शिवप्रसाद गुप्तांनीं कर्व्यांकडे धाडली. प्रथम कर्व्यांनीं ती बाजूस ठेवून दिली. पुढें १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां भाषणाची तयारी करतांना तिची आठवण झाली, आणि त्या भाषणांतच महिला विद्यापीठाची कल्पना त्यांनीं लोकांपुढें मांडली. १९१६ च्या जूनमध्यें विद्यापीठ स्थापन झालें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति आणि रँग्लर परांजपे कुलगुरु झाले. पहिल्या महाविद्यालयांत विद्यार्थिनी मात्र अवघ्या पांच होत्या.

कर्व्यांच्या योजनेचे दोन खांब होते. पहिला असा, कीं बहुसंख्य स्त्रियांचें आयुष्य घरांत जातें, तेव्हां त्यांच्या शिक्षणांत गृहव्यवस्था, आरोग्य, बालसंगोपन यांस मानाचें स्थान असावें. ज्यांना पुरुषांशीं बरोबरीनें चढाओढ करावयाची असेल त्यांना जुनीं विद्यापीठें मोकळीं आहेतच. दुसरा असा, कीं सर्व उच्च शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें. इंग्रजी हा विषय त्यांनीं सक्तीचा ठेविला. ही सक्ति महात्मा गांधींस रुचली नाहीं, पण कर्व्यांनीं ती सोडली नाहीं. पदवीसही देशी नांव दिलें : गृहीतागमा. पहिल्या खांबावर सुधारकांनींच आक्षेप घेतला. स्त्रियांसाठीं निराळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि तें सर्वस्वीं चुकीचें होतें असें मला वाटत नाहीं. फर्ग्युसन महाविद्यालयांत वीसांहून अधिक वर्षें गणित शिकविलेल्या गृहस्थानें स्त्रियांच्या शिक्षणाचा पाया गृहव्यवस्थेंत शोधावा, यांत त्या काळाची मर्यादा दिसते.

पण शाखेचा हेतु शेवटीं संस्थापक ठरवितो, कीं तींतून बाहेर पडणारी विद्यार्थिनी ठरविते? मेजिरोचा अनुभव येथें उपयोगीं पडतो. वडिलांस इंग्रजी वाङ्मयाची शाखा पसंत नसल्यामुळें हिरात्सुका राइचो या गृहशास्त्राच्या शाखेंत गेल्या. १९०६ मध्यें पदवीधर झाल्या, आणि १९११ मध्यें त्यांनींच ‘सेइतो’ हें स्त्रियांचें मासिक काढून सुशील पत्नीच्या सूत्रासच आव्हान दिलें. तांगे उमे यांचें उदाहरण त्याहून बोलकें आहे. त्याही गृहशास्त्राच्याच पदवीधर. त्या अभ्यासाच्या निमित्तानें रसायनशास्त्राशीं त्यांचा परिचय झाला. १९१३ मध्यें तोहोकु येथील सरकारी विद्यापीठानें जपानांत प्रथमच तीन स्त्रियांस प्रवेश दिला, त्यांत त्या एक होत्या. पुढें अमेरिकेंत त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली, आणि जीवनसत्त्वांवर संशोधन करून १९४० मध्यें टोकियोच्या विद्यापीठाचीही मिळविली. स्वयंपाकघराकडे नेणारी म्हणून बांधलेली वाट प्रयोगशाळेंत निघाली! वाट उघडी ठेवली असेल तर ती कोठें जाईल हें बांधणार्‍याच्या हातीं राहत नाहीं.

हिंगण्याच्या वाटेवर मात्र एक मोठा अडसर होता. सरकारी मान्यता नसल्यामुळें गृहीतागमांस सरकारी नोकरीचीं दारें बंद होतीं. स्वभाषेंत शिकण्याची किंमत त्या मुलींनीं स्वतः दिली. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. १९३६ मध्यें कचेरी मुंबईस गेली. जपानी संस्थेस कायद्यानें विद्यापीठ म्हणवून घेण्यास १९४८ साल उजाडावें लागलें, आपल्या संस्थेस १९५१. नारुसे १९१९ मध्येंच वारले होते. कर्व्यांनीं मात्र आपल्या संस्थेस मान्यता मिळालेली पाहिली. ते १९६२ पर्यंत जगले.

आज या गोष्टीचा हिशेब मांडला तर मौजेचा निष्कर्ष निघतो. कर्व्यांच्या योजनेंतील जो भाग संकुचित होता, तो विद्यापीठानें स्वतःच ओलांडला. १९६१ मध्यें ग्रंथालयशास्त्र, १९६४ मध्यें परिचर्याशास्त्र, आणि १९९७ मध्यें जुहूस मुलींसाठीं तंत्रशास्त्राची संस्था, अशा शाखा वाढत गेल्या. गृहशास्त्र राहिलें, पण अनेकांतील एक म्हणून. उलट योजनेंतील जो भाग खरोखर दूरदृष्टीचा होता, म्हणजे सर्व उच्च विद्या मातृभाषेंतून देण्याचा, तो अर्ध्यावरच थांबला. वाङ्मय, इतिहास, समाजशास्त्र हे विषय मराठीनें पेलले. यंत्रविद्येच्या दारांत मात्र ती थबकली, आणि आंत इंग्रजी गेली.

कर्व्यांवर टीका करावयाची तर ती या क्रमानें व्हावी. त्यांनीं स्त्रीस घरांत ठेविलें हा आक्षेप त्यांच्याच विद्यार्थिनींनीं खोडून काढला आहे. मराठी शिकलेल्या मुलीस सर्व विद्या मराठींत मिळाव्या हें जें कर्ज त्यांनीं स्वतःच्या नांवावर काढलें होतें, तें फेडण्याची जबाबदारी त्यांच्यामागून आलेल्या आपणां सर्वांवर होती. पांच मुलींच्या वर्गास जें अशक्य वाटलें नाहीं, तें हजारोंच्या विद्यापीठांस अशक्य वाटावें, याचें उत्तर कर्व्यांकडे मागतां येणार नाहीं.