बिल्ला, कॉटर आणि परत मागवलेला क्रँक

सायकलचा एखादा भाग कारखान्यातूनच कच्चा निघाला, तर ते गिऱ्हाइकाला सांगायचं कोणी? आमच्या धंद्यात दोन पिढ्या याचं उत्तर एकच राहिलं: कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने. मी रोडपालीत सायकली दुरुस्त करतो. वडील पनवेल गावात करायचे. दुकानाच्या दारात जेवढी माणसं यायची, तेवढ्यांपर्यंत बातमी पोचायची. दार ओलांडून ती पुढे कधी गेली नाही, आणि या धंद्याच्या इतिहासातलं मला सगळ्यात जास्त सलणारं पान तेच आहे.

वडिलांच्या काळातली सायकल म्हणजे काळी, रॉड ब्रेकची, मागे भक्कम कॅरिअर. तिच्यावरून दूध जायचं, भाजी जायची, आणि तळोज्याच्या एमआयडीसीत कारखाने उभे राहिल्यावर पाळीचे कामगार जायचे. या सायकलीचा जीव कॉटरमध्ये. पायडलचा क्रँक मधल्या ॲक्सलला जखडून ठेवणारी ही लोखंडी खुंटी. तिची एक बाजू सपाट, उतरती. ती कानशीने घासून बरोबर बसवायची, खाली लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकायची आणि मग नट आवळायचा. कॉटरचं लोखंड मऊ असेल तर सपाट बाजू चेपते. आधी क्रँक थोडा हलतो, कट् असा आवाज येतो. मग एखाद्या चढावर माणूस उभा राहून पायडल मारतो आणि पायाखालचा क्रँक गर्रकन निसटतो. कळंबोलीला लोखंडबाजार आल्यापासून इथल्या रस्त्यांवर पोलादाची गुंडाळी लादलेले ट्रेलर सतत असतात. अशा रस्त्यावर सायकलवरून पडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

वडील नवा डबा आला की त्यातला एक कॉटर काढून व्हाइसमध्ये धरायचे आणि त्यावर कानस ओढायचे. जोर लावूनच थोडं खाल्लं तर माल पक्का. कानशीने सहज खाल्लं, चांदीसारखा चुरा पडला, की डबा व्यापाऱ्याकडे परत. पण कधी कधी वरचा कॉटर पक्का आणि खालचे कच्चे निघत. तोवर त्यातले काही सायकलींना बसलेले असायचे. मग ते दुकानासमोरून जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक सायकलला हाक मारून थांबवत. “थांब जरा, कॉटर बदलायचाय. पैसे नकोत.” ज्याने गाव बदललं, ज्याने सायकल भावाला दिली, त्याच्यापर्यंत ही हाक जात नसे. डब्यावर कधी तुकडीचा क्रमांक नसायचा. कळंबोलीच्या बाजारात देशभरचं लोखंड येतं, पण सायकलचा सुटा भाग मात्र बहुतेक लुधियानाहूनच यायचा, आजही येतो. दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातांतून आलेल्या त्या डब्याचा मूळ कारखाना शोधणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि तरीही कोणती सायकल कोणाची, हे लिहून ठेवणारी एक वही त्या काळी होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या. कर भरला की पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. वडिलांचा पितळी बिल्ला माझ्या गल्ल्यात आहे. कडा झिजल्यात, आकडा अजून बोटाला लागतो. नगरपालिकेच्या कचेरीत त्या आकड्यापुढे मालकाचं नाव आणि पत्ता. रात्री बिनदिव्याची किंवा डबलसीट सायकल अडवली की आधी बिल्लाही बघितला जायचा, म्हणून लोकांना त्याचा राग असे. पण एका ओळीत सायकल आणि तिचा मालक अशी नोंद असलेली सरकारदरबारी वही तीच होती. सुरक्षिततेसाठी ती कोणी उघडली असं मी कधी ऐकलं नाही. कर बंद होत गेले, बिल्ले गेले, वह्याही संपल्या. करातून सुटका झाली याचा सगळ्यांना आनंद झाला, तो रास्तच होता. पण त्या वहीच्या जागी दुसरी कुठलीच आली नाही.

कारखान्याकडे जावं, तर कारखानेच टिकत नाहीत. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा मोठा कारखाना होता. तो आजारी पडला. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढे वरळीचा कारखाना बंदच झाला. त्याच्या सायकली मात्र नंतरही गावोगाव चालत राहिल्या. त्यांच्या मालकाने दाद मागायची ती कोणाकडे?

अमेरिकेत १९७२ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग आहे. सदोष माल परत मागवायचा तर कंपनी आणि आयोग मिळून तसं जाहीर करतात. १९९७ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने तिथे सुमारे दहा लाख क्रँक असेच परत मागवले होते. आमच्या दुकानापर्यंत त्याची कुणकुणही आली नाही. तेव्हा तसले क्रँक इथे होते तरी किती!

२०२३ ची गोष्ट निराळी. २१ सप्टेंबरला शिमानोने जाहीर केलं की, १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेले अल्टेग्रा आणि ड्युरा-एस जातीचे काही क्रँक तपासून घ्या. जगभरात सुमारे २८ लाख. नुसत्या अमेरिकेत ६ लाख ८० हजार. क्रँक उकलल्याच्या ४,५१९ तक्रारी आणि सहा जण जखमी, असं आयोगाने नोंदवलं. आता हे क्रँक आपल्याकडेही आहेत. रविवारी पहाटे खारघर-कळंबोलीची तरुण मुलं कर्नाळा, खोपोलीकडे निघतात, त्यांच्यातल्या कित्येकांच्या सायकलींना. अनेकांनी त्या जुन्या, दुसऱ्या हाताच्या घेतलेल्या.

त्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. “काका, जोर दिला की खालून काहीतरी वाजतं.” पायडल काढून बघितलं, बेअरिंग बघितलं, दोन्ही ठीक. मग क्रँक पुसला. हा क्रँक आतून पोकळ असतो, ॲल्युमिनियमचे दोन भाग डिंकाने चिकटवलेले. सांध्यात पाणी आणि घामाचं मीठ शिरलं की आतून गंज धरतो आणि जोड सुटत जातो. खाडीजवळच्या दमट हवेत, आमच्या पावसात, हे तर ठरलेलंच. मागच्या बाजूने विजेरी धरली. सांध्याच्या रेषेवरून नख फिरवलं तर एका जागी अडकलं. तिथे पांढरट भुकटी होती. मी सायकल तशीच ठेवून घेतली आणि त्याला रिक्षाने घरी पाठवलं.

जिथून माल आला होता, त्या विक्रेत्याने आधी बिल मागितलं. सायकल दुसऱ्या हाताची, बिल नव्हतं. क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली दोन अक्षरं, म्हणजे उत्पादनाचा संकेत, मी फोटो काढून पाठवली. ती यादीत बसत होती. तरी महिनाभर नुसते फोन. मला याचा मनापासून संताप आला. दोष कारखान्यात झाला. त्याची खूण धातूवर कोरलेली. मग कागद कशाला हवा?

मोटारींचं तसं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, आणि सदोष गाड्या परत मागवायला सरकार भाग पाडू शकतं. सायकल त्या कायद्यात मोटार वाहन नाही. तिच्यासाठी उरतो तो २०१९ चाच ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून अमलात आलेला. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, तिथून ग्राहक चळवळ केवढी वाट चालून आली आहे. या कायद्याच्या कलम २० मुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवण्याचा आणि पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतं. मला माहीत असलेल्या एकाही सायकलवाल्याने त्याचा आधार घेतलेला नाही, कारण ते कलम दुकानात कोणी सांगत नाही.

म्हणून मी आता लांब पानांची एक वही घातली आहे. फ्रेमखाली कोरलेला क्रमांक, क्रँकवरची अक्षरं, मालकाचं नाव, फोन. सायकल विकली तर नव्या मालकाचं नाव त्याच ओळीत. सुटा भाग बसवला की त्याच्या डब्याचं झाकण कापून पानाला चिकटवायचं. कळंबोली आणि कामोठ्यातल्या ओळखीच्या दुकानदारांनाही मी हेच करायला सांगतो आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सदोष मालाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. म्हणजे पनवेलकराने अलिबागला. एका माणसाच्या एका क्रँकसाठी अर्ज केला तर तो एकटा पडेल. चार दुकानांच्या वह्यांतून एकाच संकेताच्या दहा सायकली निघाल्या, तर त्या दहा ओळी अर्जाला जोडता येतील.